गळ, नदी आणि वाटाड्या : मार्गदर्शित मत्स्यपर्यटनाचे स्वरूप व नाथसागराच्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना

पर्यटनशास्त्राच्या अभ्यासक्रमात साहसी पर्यटन, कृषी पर्यटन, निसर्ग पर्यटन या संज्ञा आता स्थिरावल्या आहेत. यांच्याच पंक्तीत बसणारा, परंतु मराठीत फारसा चर्चिला न गेलेला एक प्रकार म्हणजे मार्गदर्शित गळमासेमारीची सुटी होय. दूरच्या, मनुष्यवस्ती विरळ असलेल्या नदीकाठी एक छोटे निवासस्थान असते. तेथे आठ-दहा पाहुणे आठवडाभर राहतात आणि रोज स्थानिक वाटाड्याबरोबर नदीवर जाऊन मासे पकडतात व पकडलेले मासे पुन्हा पाण्यात सोडून देतात. अलास्का, पॅटागोनिया, न्यूझीलंड, स्कॉटलंड येथे या व्यवसायाची दीर्घ परंपरा आहे. भारतात हिमालयातील रामगंगा व महाकाली या नद्यांवर आणि दक्षिणेत कावेरीवर तो रुजला. कावेरीवर तो वाढला आणि नंतर बंदही पडला.

छत्रपती संभाजीनगर ही पर्यटनाची राजधानी म्हणवली जाते आणि तिच्यापासून सुमारे पन्नास किलोमीटरवर पैठण येथे नाथसागरासारखा विस्तीर्ण जलाशय आहे. त्यामुळे असे पर्यटन येथेही यावे, अशी कल्पना कोणी मांडली तर तिचे आश्चर्य वाटू नये. सदर कल्पनेचा विचार करण्यापूर्वी हा व्यवसाय नेमका कसा चालतो, तो कोणाला काय देतो आणि कावेरीवर त्याचे काय झाले, हे समजून घेणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखात हाच प्रयत्न केला आहे.

फ्लाय फिशिंगचे तंत्र

आपल्याकडील नेहमीच्या गळाला गांडूळ, कणकेचा गोळा किंवा लहान मासा लावतात. आमिषाला अथवा शिशाच्या गोळीला वजन असते आणि ते वजन दोरीला आपल्यामागे ओढत पाण्यात नेते. फ्लाय फिशिंगमध्ये हा क्रम उलटा असतो. गळाच्या आकड्यावर पिसे, केस व रेशमी धागे गुंडाळून किड्यासारखी आकृती बनवलेली असते. तिला वजन जवळजवळ नसतेच. म्हणून येथे वजन दोरीलाच दिलेले असते. लवचिक काठी मागे-पुढे झुलवून ही जाड दोरी हवेत उलगडली जाते आणि तिच्या टोकाला असलेली नकली माशी पाण्याच्या पृष्ठभागावर अलगद उतरते. पाण्यावर तरंगणारी माशी, पाण्याखाली बुडणारी माशी, किड्याच्या बाल्यावस्थेची नक्कल आणि लहान माशाची नक्कल असे तिचे स्थूल प्रकार आहेत. त्या दिवशी नदीत कोणता कीटक बाहेर पडत आहे, हे ओळखून त्यातून निवड करावी लागते. या अर्थाने हा छंद कीटकशास्त्राच्या शेजारी राहणारा आहे.

हे तंत्र जुने आहे. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या सुमारास एलियन या रोमन लेखकाने मॅसिडोनियातील लोक गळाला लाल लोकर व पिसे बांधून मासे पकडतात, असे वर्णन केले आहे. इंग्रजीत आयझॅक वॉल्टनचा प्रसिद्ध ग्रंथ १६५३ मध्ये आला. त्याच्या १६७६ च्या आवृत्तीत चार्ल्स कॉटनने माशीच्या गळाचा भाग जोडला.

परंतु गळमासेमारी ही केवळ साहेबांनी आणलेली करमणूक आहे, असा जो समज आपल्याकडे दिसतो तो तपासून पाहण्यासारखा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथाचे नाव मराठीच्या प्राध्यापकांना ओवीच्या उल्लेखामुळे परिचित असते. याच ग्रंथात राजाच्या अनेक विनोदांपैकी एक म्हणून ‘मत्स्यविनोद’ वर्णिला आहे. माशांच्या जाती, त्यांची वसतिस्थाने, त्यांना घालावयाचे खाद्य, दोर, काठी व आमिष यांविषयी त्यात तपशील आहेत. ग. कृ. श्रीगोंदेकर यांनी संपादित केलेला हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेतून प्रसिद्ध झाला. त्यातील मत्स्यविषयक भागाकडे मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५० च्या सुमारास अभ्यासकांचे लक्ष वेधले. सोमेश्वराची राजधानी कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, मराठवाड्याच्या सीमेलगत आहे. एकाच ग्रंथातील ओवी आपण उचलली आणि मत्स्यविनोद प्राणिशास्त्र विभागाकडेही पोहोचला नाही. आंतरविद्याशाखीय अभ्यासाच्या घोषणा होत असताना ही गोष्ट थोडी खटकते.

निवासाची व्यवस्था आणि तिचे अर्थकारण

मार्गदर्शित सुटीत पाहुणा पैसे मोजतो ते माशासाठी नव्हे. मासा तर तो परत सोडतो. तो पैसे मोजतो ते एकांतासाठी. नदीचे ठरावीक टप्पे पाडलेले असतात आणि एका दिवशी एका टप्प्यावर मोजक्याच काठ्या उतरतात. गर्दी झाली की मासे सावध होतात आणि एकांतही संपतो. त्यामुळे पाहुण्यांची संख्या वाढवून नफा वाढवण्याचा मार्ग या व्यवसायाला जवळजवळ बंद असतो. दर मात्र चढा ठेवावा लागतो. अलास्कातील काही निवासांवर लहान जलविमानानेच पोहोचता येते. ही दुर्गमता म्हणजे गैरसोय नसून विक्रीची मुख्य वस्तू असते.

या व्यवस्थेचा कणा म्हणजे वाटाड्या. स्कॉटलंडमध्ये त्याला ‘गिली’ म्हणतात. मूळ गेलिक भाषेत या शब्दाचा अर्थ पोऱ्या किंवा सेवक असा आहे. हाच शब्द इंग्रजांबरोबर कावेरीच्या काठी आला आणि तेथील कन्नड व तमिळ भाषक वाटाड्यांना चिकटला. पाण्याचा ओघ कोठे वळतो, खडकामागे मासा कोणत्या वेळी येतो, पाऊस वर कोठे पडला म्हणजे येथे पाणी केव्हा गढूळ होईल, ही विद्या त्याची असते. पाहुण्याजवळ असते ती महागडी काठी. छायाचित्रात मात्र मासा पाहुण्याच्या हातात असतो.

मासा सोडून देण्याचेही शास्त्र आहे. आकड्याला उलटा काटा नसावा, मासा ओल्या हातांनीच धरावा, कारण कोरड्या हातांनी त्याच्या अंगावरचा बुळबुळीत संरक्षक थर निघून जातो. त्याला पाण्याबाहेर काही क्षणांपलीकडे ठेवू नये आणि सोडताना तोंड प्रवाहाकडे करून तो स्वतः निघून जाईपर्यंत आधार द्यावा. फार वेळ झुंजवलेला मासा पोहत गेला तरी पुढे मरू शकतो. यात पाण्याचे तापमान निर्णायक ठरते. १० अंश सेल्सियसच्या गोड्या पाण्यात प्रतिलिटर सुमारे ११.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांना हे प्रमाण सुमारे ७.५ मिलिग्रॅमवर येते. थंड नद्यांतील ट्राउटसाठी ठरवलेले नियम दख्खनच्या उन्हाळी पाण्याला तसेच्या तसे लावता येणार नाहीत, हे यावरून उघड आहे.

या ‘पकडा आणि सोडा’ पद्धतीवर नैतिक आक्षेपही आहेत. खाण्यासाठी मासा मारणे समजण्यासारखे आहे, पण केवळ मौजेसाठी त्याला वेदना देऊन पुन्हा सोडणे अधिक आक्षेपार्ह आहे, असा युक्तिवाद केला जातो. स्वित्झर्लंडमध्ये सोडून देण्याच्या हेतूनेच मासेमारी करण्यास २००९ पासून कायद्याने मनाई आहे. मासे सोडणारा तो सुसंस्कृत आणि खाणारा तो मागासलेला, असे मानणाऱ्या पर्यटन-पत्रकांनी हे उदाहरण लक्षात ठेवलेले बरे.

कावेरीचा अनुभव

भारतातील या व्यवसायाचा सर्वांत बोधप्रद अध्याय कर्नाटकात घडला. महसीर हा मोठ्या खवल्यांचा, वेगवान प्रवाहात राहणारा मासा इंग्रज अधिकाऱ्यांच्या विशेष आवडीचा होता. मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी एच. एस. थॉमस यांनी १८७३ मध्ये भारतातील गळमासेमारीवर पुस्तक लिहिले. १९४६ मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबातील एकाने काबिनी नदीत १२० पौंडांचा महसीर पकडला, तो विक्रम म्हणून आजही सांगितला जातो. स्वातंत्र्यानंतर हा छंद मागे पडला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस काही इंग्रज तरुणांनी कावेरीत मोठे महसीर अजून आहेत, हे दाखवून दिले आणि पुढे कर्नाटक शासनाच्या जंगल लॉजेस अँड रिसॉर्ट्स या कंपनीने भीमेश्वरी, गलिबोरे व दोड्डमाकळी येथे मासेमारी शिबिरे चालवली. बंगळुरूची वाइल्डलाइफ असोसिएशन ऑफ साउथ इंडिया ही संस्थाही नदीचा एक टप्पा सांभाळत होती.

येथे माशीच्या गळापेक्षा नाचणीच्या पिठाचा शिजवून घट्ट केलेला गोळाच अधिक वापरला जाई. पाश्चात्त्य शुद्धतावाद्यांना हे फ्लाय फिशिंग वाटणार नाही. पण निवास, टप्पे, वाटाड्या आणि मासा सोडण्याचा दंडक या चारही बाबतींत व्यवस्था तीच होती. वेताच्या गोल नावेतून पाहुण्याला खडकापर्यंत नेणाऱ्या वाटाड्यांपैकी अनेक जण पूर्वी याच नदीत जाळे टाकणारे, काही तर सुरुंगाच्या स्फोटाने मासे मारणारे होते. स्फोटके व विष वापरून मासे मारण्यास १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमानेच बंदी आहे. तरीही ती दुर्गम खोऱ्यात अमलात आणणार कोण, हा प्रश्न असतो. शिबिरांनी त्याला एक व्यवहारी उत्तर दिले. जिवंत मासा पुन्हापुन्हा उत्पन्न देतो हे कळल्यावर पूर्वीचा चोरटा शिकारीच नदीचा राखणदार झाला.

मग ही शिबिरे बंद का पडली? उत्तर कायद्यात आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये २००३ साली अमलात आलेल्या दुरुस्तीनंतर ‘प्राणी’ या संज्ञेच्या व्याख्येत माशांचा स्पष्ट समावेश झाला. अधिनियमातील ‘शिकार’ या संज्ञेत पकडणेही येते. ठार मारलेच पाहिजे असे नाही. कावेरीचा हा पट्टा १९८७ पासून अभयारण्य आहे. तेव्हा अभयारण्यात मासा गळाला लावणे म्हणजे शिकार, मग तो नंतर सोडला तरी, असा अर्थ लावला गेला आणि २०१२ च्या सुमारास शिबिरांतील मासेमारी थांबली. कायद्याच्या शब्दांच्या दृष्टीने या अर्थात चूक काढणे कठीण आहे. तथापि शिबिरांबरोबर वाटाड्यांची राखणही संपली, ही बाब त्या शब्दांत कोठेच मावत नाही.

आणखी एक गोष्ट संपली, ती म्हणजे नोंद. गलिबोरे शिबिरात प्रत्येक पाहुण्याने किती तास मासेमारी केली आणि किती वजनाचे, कोणत्या प्रकारचे मासे पकडले, हे वहीत लिहून ठेवले जाई. १९९८ ते २०१२ या काळातील सहा हजारांहून अधिक महसीरांच्या या नोंदींचा अभ्यास ॲड्रियन पिंडर, राजीव राघवन व रॉबर्ट ब्रिटन यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. माशांची संख्या वाढत होती, सरासरी वजन घटत होते, म्हणजे नदीत नवी पिढी भरपूर येत होती. वरवर पाहता ही आनंदाचीच वार्ता. परंतु नोंदींत माशाचा प्रकारही असल्यामुळे दुसरे एक सत्य बाहेर आले. वाढत होता तो निळ्या परांचा महसीर. ज्याच्यासाठी कावेरी जगात ओळखली जात होती, तो पाठीवर उंचवटा असलेला सोनेरी महसीर झपाट्याने नाहीसा होत होता. त्याला तोपर्यंत निश्चित शास्त्रीय नावही नव्हते. तो ‘टॉर रेमादेवी’ असल्याचे २०१८ मध्ये ठरले आणि त्याच वर्षी तो जागतिक यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून नोंदला गेला.

खुद्री : दख्खनच्या माशाचा प्रवास

हा निळ्या परांचा महसीर म्हणजे ‘टॉर खुद्री’ होय, आणि येथे कथा महाराष्ट्राकडे वळते. मुंबई इलाख्याचे सांख्यिकी अधिकारी कर्नल सायक्स यांनी पुण्याच्या पूर्वेकडील मुळा-मुठेतून मिळालेल्या या माशाचे वर्णन १८३९ मध्ये केले आणि त्याचे स्थानिक नावच शास्त्रीय नावात ठेवले. पुढे धरणे, प्रदूषण व बेसुमार मासेमारी यांनी तो दुर्मीळ झाला. त्याच्या कृत्रिम प्रजननाचे काम लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीच्या मत्स्यबीज केंद्रात १९७० च्या दशकाच्या प्रारंभी सुरू झाले. महाराष्ट्राचे माजी मत्स्यव्यवसाय संचालक डॉ. चं. वि. कुलकर्णी व एस. एन. ओगले यांचे या विषयावरील लेखन मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आहे. एका खाजगी उद्योगाने अर्धशतक चालवलेले हे काम निःसंशय मोलाचे आहे.

मात्र या केंद्रातील बोटुकली इतर राज्यांतही पाठवली गेली आणि कावेरीतही सोडली गेली. तेथील मूळ महसीराच्या ऱ्हासाशी या बाहेरून आलेल्या माशाचा संबंध असावा, असे उपर्युक्त अभ्यासकांचे मत आहे. संवर्धन म्हणून केलेल्या कामानेच दुसऱ्या नदीतील जातीवर संकट यावे, ही विपरीत गोष्ट आहे. आणि ती कळली ती कोणा शासकीय सर्वेक्षणातून नव्हे, तर हौशी पाहुण्यांच्या वहीतून. महसीर एकच, तो कोठेही सोडला तरी चालतो, असे त्या काळी सर्वसाधारणपणे मानले जात असल्याने केवळ केंद्राला दोष देणे न्याय्य होणार नाही.

महाराष्ट्रात या माशाचे रक्षण आणखी एका मार्गाने झाले आहे. महाडजवळ वाळणकोंड येथील काळ नदीच्या डोहात आणि वाडा तालुक्यात तिळसे येथे वैतरणेच्या पात्रात देवाचे मासे म्हणून महसीर राखले जातात. भाविक त्यांना खाऊ घालतात, कोणी पकडत नाही. गळ नाही, दर नाही, वही नाही. तरीही मासा टिकला.

नाथसागराचा प्रश्न

आता पैठणकडे येता येईल. जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. जलाशयाची एकूण साठवण क्षमता सुमारे २९०९ दशलक्ष घनमीटर आहे. १९८६ मध्ये येथे सुमारे ३४१ चौरस किलोमीटरचे पक्षी अभयारण्य घोषित झाले. म्हणजे कावेरीची शिबिरे ज्या कायदेशीर खडकावर आपटली तोच खडक येथेही आहे. अभयारण्याच्या हद्दीत हौशी गळमासेमारीचे निवास काढण्याची योजना आज कायद्यासमोर टिकणार नाही.

कायद्याचा अडसर क्षणभर बाजूला ठेवला तरी पाणी आडवे येते. येथे वाहती, थंड, पारदर्शक नदी नाही. वाऱ्याने ढवळणारा, उथळ, उन्हाळ्यात मैलोगणती मागे सरणारा जलाशय आहे. कटला, रोहू, मृगळ, मरळ, शिवडा, वाम आणि आता सर्वत्र पसरलेली चिलापी हे येथील मासे. त्यांपैकी मरळ हा झेप घेऊन आमिष पकडणारा मासा असल्याने गळवाल्यांना तो प्रिय असतो. पण त्याच्यासाठी कोणी समुद्र ओलांडून येईल, अशी शक्यता कमीच. मुंबईत पवई तलावावर महाराष्ट्र राज्य गळमासेमारी संघटना १९५५ पासून आहे. तिच्या धर्तीवर शहरातील हौशी सभासदांचे मंडळ अभयारण्याबाहेरील एखाद्या लहान तलावावर चालू शकेल. त्याला दुर्गम रानातील सुटी म्हणता येणार नाही, एवढेच.

खरा प्रश्न मात्र भोई व कहार कुटुंबांचा आहे. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून पहाटे जाळे ओढणाऱ्या माणसाचे पोट या पाण्यावर आहे. धरणाच्या पाण्यावरील तरंगत्या सौरऊर्जा प्रकल्पाविरुद्ध कहार समाजाच्या संस्थेने केलेली याचिका २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. पक्ष्यांसाठी राखीव, विजेसाठी राखीव, शहरांच्या नळांसाठी राखीव अशा पाण्यात पाहुण्यांसाठी राखीव असा चौथा टप्पा पाडला गेला, तर जाळे टाकण्यास जागा कोठे उरेल? कावेरीच्या खोऱ्यात वाटाडे मोजके होते आणि खोरे निर्जन होते, म्हणून तेथील गणित जुळले. येथे मच्छीमारांची संख्या मोठी आहे. दहा जणांना वाटाड्या करून शेकडोंना काठावर बसवणाऱ्या योजनेला रोजगारनिर्मिती म्हणणे धाडसाचे ठरेल.

अलास्कातील ब्रिस्टल बे येथील उदाहरण या संदर्भात वेगळे दिसते. तेथे नदीच्या उगमाकडे प्रस्तावित असलेल्या प्रचंड तांबे-सोन्याच्या खाणीला मूळ रहिवासी, जाळ्यांनी सामन पकडणारे व्यावसायिक आणि गळवाल्यांच्या निवासांचे मालक अशा तिघांनी मिळून विरोध केला आणि २०२३ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने खाणीचा मार्ग रोखला. तेथे गळ व जाळे यांचे हितसंबंध स्वच्छ पाण्यापाशी एकत्र आले. गोदावरीच्या वरच्या अंगाला साखर कारखाने, शहरांचे सांडपाणी व नाशिकची धरणे आहेत; पाण्याची प्रत आणि वाटा हे येथील मच्छीमारांचेही प्रश्न आहेत. पण त्यांच्या बाजूने बोलणारा, पैसा व ओळख असलेला कोणी पाहुणा येथे नाही.

महाविद्यालयांना येथे एक काम करता येण्यासारखे आहे. गलिबोरेच्या वहीत जे होते, म्हणजे श्रमाचे तास, माशाची जात, वजन व दिनांक, तेच पैठण परिसरातील एखाद्या मच्छीमार सहकारी संस्थेच्या संमतीने प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना नोंदवता येईल. त्यासाठी निवास लागत नाही, परदेशी पाहुणा लागत नाही आणि परवानगीचा प्रश्नही फारसा येत नाही, कारण मासा आधीच जाळ्यातून काठावर आलेला असतो. जात ओळखण्यासाठी मच्छीमारांची नावे व शास्त्रीय नावे यांची जोडणी प्रथम करावी लागेल. सायक्स यांनी खुद्रीच्या बाबतीत १८३९ मध्ये तेच केले होते. नोंदी निदान आठ-दहा वर्षे अखंड चालाव्या लागतील. पदव्युत्तर प्रकल्पाची मुदत एका वर्षाची असते, ही यातील मोठी अडचण आहे. ती टाळायची तर वही विद्यार्थ्याच्या नावावर न ठेवता विभागाच्या नावावर ठेवावी लागेल.